आख्खी काकी आणि डब्याचं पोट

आख्खी काकी गायला बसली की तिला मध्येच थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. एकदा शेजारच्या आळीत लग्न चालू असताना वाऱ्याने मांडवाचा खांब निखळला आणि अर्धं छत खाली आलं. बायका पोरांना काखोटीला मारून बाहेर पळाल्या. ताडपत्रीखालून गाणं ऐकू येतच होतं. लोकांनी ताडपत्री उचलली, तर काकी पाटावर तशीच बसलेली, केसांत झावळीचा चुरा, आणि देवांची नावं घेणं चालू. संध्याकाळी जेवताना नवरदेवाच्या बापाने विचारलं, काकी, जीव मोठा की गाणं? काकी म्हणाली, "गावदेवी अर्धे वाटेवर आलेली. तिला काय तिथंच उभी ठेवू?"

काकी धवलारीण होती. रेवसच्या अलीकडे खाडीकाठाला आमची गावं आहेत. इथे लग्न नुसत्या मंगलाष्टकांवर होत नाही. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. ती देवांना आणि वाडवडिलांना नावं घेऊन मांडवात बोलावते, कार्य होईपर्यंत बसवून ठेवते आणि शेवटी मानाने वाटेला लावते. हे कुठे लिहिलेलं नाही. काकीला तिच्या सासूने दिलं, सासूला तिच्या आईने. काकीच्या सुनेने घेतलं नाही. तिला पनवेलला फ्लॅट हवा होता, तो मिळाला.

'आख्खी' हे नाव गावाने ठेवलं, कारण काकीला अर्धं काही चालत नसे. कटिंग चहा समोर आला की ती कप परत सरकवायची. अर्धा चहा पाहुण्याला देतात, मना न्हाय, म्हणायची. पाहुण्याला का देतात हे कुणी विचारलं नाही. सहा आसनी रिक्षात ड्रायव्हर तिघांच्या बाकावर चौथा माणूस कोंबायला लागला की ती मांडी घालून बसायची आणि सांगायची, "मी पैसे आख्खे देतंय, बूड अर्धा कनाला ठेवू?" बाजारात मासळी घेताना तिने कधी डोकं सोडून धड मागितलं नाही. मी तिला ओळखू लागले ती तिथेच, कारण तेव्हा मी सुकी मासळी विकत होते.

हो, मी बाजारातली बाई आहे. सुकटीची पाटी घेऊन बसत होते, आणि गिऱ्हाइकाच्या चपलेवरून तो किती घासाघीस करणार ते ओळखत होते. मोबाईलवर हळदीची गाणी जुळवायला मी तिथेच शिकले. दुपारी गिऱ्हाईक नसताना कानाला हेडफोन लावायचे आणि बेंजोखाली ताशा बसवायचे. नवरा हसला, दीर हसला. आज माझ्या घरामागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून केलेला स्टुडिओ आहे आणि दिराच्या मुलाच्या हळदीचं गाणं मीच केलं. पैसे आगाऊ घेतले.

पण सुरुवातीला माझ्याकडे रेकॉर्डिंगची मशीन नव्हती. पनवेलच्या एका स्टुडिओवाल्याने भागीदारी देऊ केली. गाणी मी करायची, मशीन त्याची. माझं सगळं काम त्याच्या एका बाहेरच्या डिस्कवर असायचं. काळी, तळहाताएवढी, वायर लावून वापरायची. वाद झाला तेव्हा त्याने डिस्क उचलून खिशात टाकली आणि म्हणाला, ताई, डिस्क माझी आहे. पुढच्या लग्नसराईत माझी गाणी त्याच्या नावाने आली. आजही तालुक्यात कुठल्याही हळदीला त्यातलं एक वाजतंच. लोक त्यावर नाचतात आणि मी कोपऱ्यात दातओठ खात उभी असते. लोक म्हणतात, विसर आता. मी विसरणार नाही. का विसरावं?

तेव्हा गावात सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. काकीने केलं नाही. ती ओट्यावर पान लावत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुझी चीज दुसऱ्याचे खिशान ठेवलीस, आनि आता त्याचे खिशाला शिव्या घालतेस." मी तिथल्या तिथे उठले. तुझं काय जातं बोलायला, असं काहीतरी मी तोंडावर बोलले. ती शांतपणे म्हणाली, "माझा कोन न्हेल? माझा सगला पोटान हाय. पोटान हाय ता आपला." मी पुढचं वर्षभर तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रस्त्यात भेटली की दरवेळी, "बोलत न्हाय काय अजून?" असं विचारून पुढे जायची.

अबोला मीच मोडला, कारण मला तिचा धवला हवा होता. खोकल्याने काकीला दम लागू लागला होता. ती गेली की आमच्या खाडीवर आख्खा धवला येणारी दुसरी बाई नव्हती, हे मला दिसत होतं. इतरांनाही दिसत होतं, पण ते हळहळत होते. मी माईक घेऊन गेले. काकीची अट एकच होती, ती घरात बसून गाणार नाही. देवांना बोलवायचं तर त्यांना जेवायला मांडव हवा. खऱ्या लग्नात, पहिल्यापासून शेवटपर्यंत घेता आलं तर घे.

शेजारच्या मुलाच्या लग्नात मी घेतलं. माझा तेव्हाचा लॅपटॉप सेकंडहँड होता, त्याचं पोट, म्हणजे आतली जागा, लहान, आणि त्यातलं बरंचसं ढोलक्या, बेंजो, ताशे यांच्या आवाजांनी आधीच भरलेलं. काकीसमोर एक माईक, साथीच्या बायकांसमोर दोन, मांडवात आणखी. हळदीचा धवला ऐन रंगात आला आणि पडद्यावर पाटी आली, जागा संपली. मी घाईने काहीबाही पुसायला लागले, जमेना. शेवटी काकीला हाताने खूण केली, थांब. तिने माझा हात पाहिला आणि डोळे मिटून गात राहिली. कार्य उरकल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मना हात नको दाखवू. तुझ्या डब्याला दाखव."

मग तिने जे रेकॉर्ड झालं होतं ते पुसायला लावलं. मी भांडले. अर्धा तर अर्धा, असू दे, पुढे काय झालं तर? तिला ते 'पुढे काय' कळलं, तरी ती हलली नाही. अर्धा ठेवलास तर देव तुझ्या डब्यानच अडकतील, म्हणाली. मी तिच्यासमोर पुसला. तेव्हा तिने सांगितलं की वैशाखात तिच्या भावाच्या मुलीचं, सायलीचं लग्न आहे, तेवढं ती गाईल आणि मग पाट उचलून ठेवील. "तवर आख्खा मावंल असा डबा बघ."

डबा बघायला ती स्वतः माझ्याबरोबर अलिबागला आली. दुकानदार पोरगेला, केस उभे केलेला. मी त्याला सांगितलं, गाण्याचं काम आहे, आतली डिस्क दोन टीबीची हवी. त्याने माझ्या साडीकडे पाहिलं, काकीच्या नऊवारीकडे पाहिलं आणि एक देखणा, पातळ, लहान पोटाचा लॅपटॉप काढला. ताई, हळदीच्या गाण्यांना एवढी जागा कशाला? बाकीचं क्लाउडवर ठेवा. वर ही बाहेरची डिस्क तुम्हाला फ्री देतो.

काळी. तळहाताएवढी. माझं डोकं फिरलं. मी त्याला विचारलं की लग्नाच्या दिवशी आमच्या गावात फोनला रेंज नसते, तेव्हा मी ढगात काय माझी आजी ठेवू? खाडीच्या खाऱ्या हवेने वायर घालायची भोकं वर्षात गंजतात, ती तू येऊन घासणार का? आणि या पातळ लॅपटॉपची डिस्क उद्या बदलता येईल का? तो म्हणाला, यात ती आतच चिकटवलेली असते, पण बाहेरची आहे ना, चिंता नको. आणि दाखवायला म्हणून त्याने ती वायर जोडली, गाण्यांचा मोठा ढीग त्या डिस्कवर पाठवायला लावला. बघा किती फास्ट.

काकी खुर्चीवरून उठली, काउंटरवर वाकली आणि वायर उपटून हातात धरली. पडद्यावर लाल पाटी आली. पोरगा ओरडलाच, आजी, अशी नाही काढायची. काकी म्हणाली, "मांडवान पंधरा पोरा धावतान. त्यांना तू सांगाला येशील?"

तो आतून जाड, काळपट, दिसायला म्हशीसारखा लॅपटॉप घेऊन आला. आत दोन टीबी, शिवाय आणखी एक डिस्क बसवायला रिकामा खण. मी पाठ उघडून दाखवायला लावली. खण पाहिला. मग मी किमतीला हात घातला. ती फ्री डिस्क नको, तिचे पैसे कमी कर. तो म्हणाला, फ्री वस्तूचे पैसे कसे कमी होणार? मी म्हटलं, तिला किंमत नसेल तर मला देत का होतास, आणि असेल तर कमी कर. दोनदा मी पायरी उतरले, दोनदा त्याने परत बोलावलं. मी तिसऱ्यांदा उतरणार तेवढ्यात काकीने पदर धरला. "पुरे. त्याला आपला म्हनाचा हाय ना? मंग त्याचा भाव अजून नको पारू." आयुष्यात मला घासाघीस करताना अडवून सुखरूप राहिलेली ती एकटी.

परतताना रिक्षात तिने नवीनच काढलं. नवं भांडं घरात रिकामं आणत नाहीत, तांदूळ नाहीतर साखर घालून आणतात. डबासुद्धा रिकामा नेऊ नको, काहीतरी घाल. मी म्हटलं, तूच घाल, दोन ओळी गा. तिने असं पाहिलं की मी विषय सोडला. पण रेकॉर्डिंग चालू करून लॅपटॉप मांडीवर ठेवला. तेवढ्यात चोंढीच्या नाक्यावर ड्रायव्हरने चौथा माणूस कोंबला. त्या लॅपटॉपमधली पहिली फाईल म्हणजे आख्ख्या काकीने त्या ड्रायव्हरचा केलेला उद्धार आहे, मांडव्याच्या फाट्यापर्यंतचा. शेवटी माझं हसू आहे, आणि तिचं, "भरला काय गो?"

वैशाखात सायलीचं लग्न झालं. काकी सकाळी पाटावर बसली ती नवरी निघाल्यावर उठली. मध्ये वीज गेली. पंखे थांबले, म्हशीसारखा लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. मध्ये मुलं धावली आणि एक माईक आडवा झाला, तो मी सरळ केला. काकीला दोनदा इतका दम लागला की साथीच्या बायकांनी ओळ धरून ठेवली आणि माझा हात आपोआप वर जाऊ लागला. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. तिने श्वास घेतला, ओळ परत घेतली. देव आले, जेवले, वाटेला लागले. काकी माझ्याजवळ येऊन पडद्याकडे बघत म्हणाली, "मावला सगला?" मी म्हटलं, मावला, आणि अजून पुष्कळ जागा आहे. ती म्हणाली, "ती तुझी. भर." आणि मग म्हणाली, "माझा लग्नानच वाजव. वाजवशील तं आख्खा वाजव."

त्या पावसाळ्यानंतर ती गेली. तिच्या सुनेने पनवेलहून येऊन पाट नेला. तो आता टीव्हीखाली आहे.

महिना झाला नसेल, त्या स्टुडिओवाल्याचा फोन आला. इतक्या वर्षांनी, ताई म्हणून. धवला आहे म्हणे तुमच्याकडे. त्याला फक्त वीस सेकंद हवे होते, खाली बीट टाकणार होता. आकडा सांगितला आणि लगेच त्याने स्वतःच वाढवला. मी त्याला सांगितलं, वीस सेकंद मिळत नाहीत. आख्खा मिळतो. घरात लग्न काढ, मांडव घाल, सकाळपासून मांडी घालून बस, मी येऊन वाजवते. तो हसला. मग म्हणाला, जुनं अजून मनात ठेवलंत वाटतं. मी म्हटलं, मनात नाही, पोटात. आणि फोन ठेवला. धवला कुठल्याही बाहेरच्या डिस्कवर, कुठल्याही ढगात नाही. त्या रिकाम्या खणात मी दुसरी डिस्क बसवली आणि त्याची नक्कलही आतच ठेवली. ज्याला न्यायचा असेल त्याला म्हैस उचलून न्यावी लागेल, आणि म्हशीजवळ मी असते.

लग्नांत मी तो वाजवते. काकीने सायलीचं नाव घेऊन गायलं आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या नवऱ्या त्या दिवसापुरत्या सायली होतात. काहीजण म्हणतात, ते नाव कापून आमच्या मुलीचं घाल, तुला येतं. येतं. घालणार नाही. काहींना हे पटत नाही, ते दुसरीकडे जातात. जाऊ देत.

परवा मुरुडकडच्या एका लग्नात नवऱ्याचा मामा चिडला. डीजेची गाडी दारात येऊन उभी होती, तिचं भाडं चढत होतं, आणि धवल्यात देव अजून मांडवाच्या वाटेवर होते. तो तरातरा माझ्या टेबलापाशी आला आणि हात वर करून म्हणाला, थांबवा आता.

मी म्हटलं, "मला हात दाखवू नका. तिला दाखवा."

तो खरंच स्पीकरकडे वळला. हात वर धरून बराच वेळ तसाच उभा राहिला. काकी गात होती.