जबड्यातली नारिंगी रेघ

एका सोमवारी माझे पती चाकणला पहिल्या शिफ्टला गेले आणि दुपारी मशीनजवळ वारले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आदल्याच महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी झाली होती. छातीचा आलेख, म्हणजे ईसीजी, निघाला होता आणि खाली ‘कामास योग्य’ असा शिक्का होता. तो आलेख कोणी खरंच पाहिला होता का, असं मी विचारत राहिले. सगळं सिस्टीममध्ये आहे, असं मला नम्रपणे सांगण्यात आलं. तेव्हापासून कागदावर किंवा पडद्यावर काही व्यवस्थित दिसलं, की मला ते खरं वाटत नाही.

माझी खालची डावी दाढ त्याआधीच काढलेली होती. तिथे इम्प्लांट करायचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ते राहून गेलं. वर्ष उलटल्यावर मी एकटीच रहाटणीच्या दवाखान्यात गेले. एक यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरलं. पुढच्या भेटीत तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा जबडा पडद्यावर उलटसुलट फिरवून दाखवला. हाड राखाडी, स्क्रू हिरवा, आणि त्याखालून हाडातून जाणारी नस नारिंगी. दोन्हींत अंतर दिसत होतं. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होतो, कधी कायमचा, हे त्यांनीच सांगितलं. पण काळजी नको, म्हणाल्या, सगळं सिस्टीममध्ये प्लॅन केलेलं आहे.

हा शब्द मी पूर्वी ऐकला होता.

ओठाची भीती होती ती सासऱ्यांमुळे. त्यांना दिसत नाही. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते. मुलगा गेल्यापासून आमच्यात तेवढंच बोलणं राहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी खालचा ओठ बोटाने दाबून धरला आणि एक बातमी मोठ्याने वाचून पाहिली. शब्द बोबडे निघाले.

त्या प्लॅनवरून बनवलेली एक पारदर्शक प्लास्टिकची टोपी डॉक्टरांनी माझ्या दातांवर बसवून पाहिली होती. ड्रिल जाण्यासाठी तिच्यात धातूची कडी होती. तिचा फोटो मी रविवारी दिराला दाखवला. तो चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. बघताच हसला.

“वहिनी, हे तर आपलं ड्रिल जिग, भोक पाडायचा साचा. ड्रिलला इकडंतिकडं हलायचं कामच न्हाई. बिनधास्त जा.”

जिगच चुकलं तर, असं मी विचारलं.

“जिग कशाला चुकंल? ड्रॉइंग चुकलं, तर मात्र सगळे पार्ट सारखेच चुकणार.”

“आन् हिचा पार्ट एकच हाय,” सासरे खाटेवरून म्हणाले.

दिराने त्यानंतर मला कंपनीत क्वालिटीला घ्यायला हवं म्हणून चिडवलं. माझ्या डोक्यात मात्र ड्रॉइंग राहिलं. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, ही नारिंगी रेघ कोणी काढली? आधी त्या सॉफ्टवेअर म्हणाल्या. मग म्हणाल्या, माण गावातल्या एका ऑफिसातला टेक्निशियन बिंदू जोडून काढतो, मी तपासते. माझ्यासमोर परत काढाल का, असं मी म्हटलं.

“काकू, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची पडद्याकडे ओढली. मग त्यांनी रेघ पुसली. जबड्याचा एकेक काप पुढे सरकवत बिंदू ठेवत गेल्या. दाढेच्या जागेखाली आल्यावर हात थांबला. मागे गेल्या, पुढे आल्या, पडद्याजवळ वाकल्या.

“इथे मला नस नीट दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

टेक्निशियनने अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू सरळ जोडून टाकला होता. डॉक्टरांनी त्या जागी नस जितकी वर असू शकेल तितकी वर धरली. अंतर कमी झालं. मग त्यांनी आखूड स्क्रू निवडला आणि टोपी नव्याने करायला पाठवली. जुन्या टोपीने काही बिघडलं असतंच असं नाही, असंही त्या म्हणाल्या. ते खरं असेल. पण दिसत नाही, असं स्पष्ट सांगणारं माणूस मला इतक्या दिवसांत प्रथमच भेटलं होतं. मी तारीख घेतली.

शस्त्रक्रियेनंतर रिक्षात मी ओठाला सारखं बोट लावून बसले होते. काही कळत नव्हतं. भूल उतरायला वेळ लागेल, हे मला सांगितलेलं होतं. मी ते मानलं नव्हतं. घरी आल्यावर सासरे माझी चाहूल घेत बसले. अंधार पडता पडता ओठाला मुंग्या आल्या. मग बोट कळलं.

आता तिथे दाढ आहे. नंतर काढलेला एक्स-रे मी मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहते. मला त्यातलं काही कळत नाही. सकाळी मी पेपर वाचते, शब्द स्पष्ट निघतात, सासरे ऐकतात.