भाकरी टेकवायची कुठं?

आमच्या समितीनं सोलापुरात बिनधुराची चूल आणली, तेव्हा तिची पत्रकं मी लिहायचे. ‘भगिनींनो, आणखी किती धूर गिळणार?’ हे वाक्य माझंच. पहिली चूल मी भवानी पेठेत आमच्याच घरी घालून घेतली, वहिनीसाठी. धुरापासून लांब ठेवा, नाहीतर ही बाई हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं.

मग गल्लीत आणखी काही घरी चुली झाल्या. कशा चालल्यात ते विचारायला समितीनं मला पाठवलं, कारण पुरुषांना स्वयंपाकघरात कोण घेणार? घरोघरी चहा झाला. घरोघरी एकच उत्तर, “लई चांगली हाय की, बाई.” मी तेच समितीत सांगितलं. टाळ्या पडल्या.

वहिनीचा खोकला मात्र होता तसाच होता. स्वयंपाकाच्या वेळी मी घरी नसायचेच, गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटत असायचे. एके दिवशी पत्रकं छापून आली नाहीत म्हणून सकाळीच परतले. नवी चूल सारवलेली, हळदकुंकू लावलेली, वर चहाचं पातेलं. आणि मागच्या अंगणात जुन्या चुलीपुढं वहिनी, डोळे लाल, खोकत भाकऱ्या करतेय.

“वहिनी, नव्या चुलीला काय धाड भरली?”

“तोंड बघा की तिचं, वन्सं. एवढंसं! तव्यावरनं काढलेली भाकरी जाळापुढं टेकवू कुटं? तुमच्या पत्रकावर?”

आतून आई म्हणाली, “न फुगलेली भाकरी दादाच्या ताटात वाढू व्हय गं?”

“मग मला सांगितलं का नाही, वहिनी?”

“तुमी हौसेनं घातली. नावं कशी ठिवायची?”

दुसऱ्या दिवशी न सांगता, ऐन भाकरीच्या वेळी त्याच घरांत गेले. सगळीकडं तेच. नवी चूल पाहुण्याच्या चहापुरती, भाकऱ्या मागं धुरात.

समितीच्या सात रस्त्यावरच्या कचेरीत मी अध्यक्षांना म्हटलं, चुलीचं तोंड मोठं करा.

“धूर बाहेर येईल. साचे तयार आहेत. बायकांना होईल सवय.”

“सवय खोकल्याची झालीय त्यांना.”

“चांगली आहे म्हणून तूच सांगितलंस ना?”

“चहा पिऊन सांगितलं होतं. आता भाकरी बघून सांगतेय.”

कचेरीतले सगळे हसले. मला राग यायला हवा होता. मी पत्रकांचा नवा गठ्ठा टेबलावरच ठेवला आणि चालत घरी आले.

येऊन पहार घेतली आणि नव्या चुलीचं तोंड फोडलं. आई ओरडत होती, “हळदकुंकवाची चूल फोडतीस, अवदसे!” वहिनीनं माती कालवली, कडा लिंपल्या. माती ओली असतानाच तिनं जाळ घातला. थोडा धूर तोंडातून आला, बाकीचा चुलीच्या धुराच्या नळीतून वर गेला. पहिली भाकरी तव्यावरून उतरली, जाळापुढं उभी राहिली, टम्म फुगली. आईनं दादाचं ताट पुढं सरकवलं.

मला काहीच वाटलं नाही. मी नुसती खोकल्याकडं कान लावून, भिंतीला टेकून बसले होते. वहिनी खोकली. परत खोकली. मग बराच वेळ खोकली नाही, आणि तिनं पुढचा पिठाचा उंडा परातीत घेतला.