क्लचवायरचा फास

माझी आत्या चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत होती. जिथलं एकही हाड तिने पाहिलेलं नाही असं घर आमच्या गावात शोधूनही सापडणार नाही. रस्त्यात कोणी भेटलं की नाव आठवायला तिला वेळ लागतो, पण "उजवा खांदा, जिन्यावरून पडला होतास" हे लगेच आठवतं.

निवृत्त झाल्यावर ती आणि काका गावाच्या टोकाच्या घरात राहायला गेले. काका चित्रकलेचे शिक्षक होते, स्वभावाने अगदी गरीब. घरामागे दीड एकर उताराची जमीन, तिला जाळीचं कुंपण, खाली ओढा आणि ओढ्यापलीकडे जंगल. आत्याने हौसेने रताळी लावली. वेल पसरले, आणि रोज सकाळी वाफे उकरलेले दिसायला लागले. शिवाय एका कोपऱ्यात कुंपणाची जाळी खालून कापलेली होती.

"घुशी असतील," काका म्हणाले.

"जाळी कापायला घुशीला पक्कड कोणी दिली?" आत्याने विचारलं आणि त्याच आठवड्यात दोन कॅमेरे मागवले.

हे कॅमेरे म्हणजे मातकट रंगाची, हातात मावणारी दोन डबडी. पट्ट्याने झाडाला बांधायची. समोर ऊब असलेलं काही हललं की फोटो आपोआप निघतो. अंधारातही निघतो, आणि तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात, म्हणजे जनावर बुजत नाही.

पहिल्या आठवड्यात सहाशे फोटो आले. सगळे गवताचे. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डुलत होतं आणि कॅमेरा इमानेइतबारे त्याचे फोटो काढत होता. काकांना हसू आवरेना. आत्या शांतपणे म्हणाली, "फोटो बिघडला की पेशंटला दोष द्यायचा नसतो. मशीन नीट लावायचं." तिने समोरचं गवत कापलं, कॅमेरे गुडघ्याएवढ्या उंचीवर आणले आणि ऊन डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यांची तोंडं उत्तरेला केली.

मग खरे पाहुणे दिसू लागले. रताळी उकरणारं साळिंदर होतं, चांगलं गलेलठ्ठ. दोन ससे होते. आणि तिसरे होते काका.

मी तेव्हा सुट्टीला तिच्याकडे गेले होते. जेवणाच्या टेबलावर आत्याने लॅपटॉप काकांकडे वळवला. "हा प्राणी ओळखता?"

काकांनी लॅपटॉप जवळ ओढला. "मी झाडांना पाणी घालत होतो."

"तोंडातून धूर काढत?"

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलेल्या सिगारेटचं पाकीट काकांनी टेबलावर ठेवलं. आत्याने ते पाकीट उचलून कचऱ्यात टाकलं आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

तिसऱ्या आठवड्यात एक कोल्हीण आली. ती तीन पायांवर चालत होती. आत्याने फोटो मोठा केला. मागच्या डाव्या पायात घोट्याच्या वर तारेचा फास रुतला होता आणि तारेचं तुटकं टोक लोंबत होतं. आत्याची थट्टा तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही कुंपणाकडे गेलो. जाळी कापलेल्या जागी, जनावर वाकून आत शिरेल नेमकं तिथे, तसाच एक फास लावलेला होता. आत्याने तो सोडवला आणि चष्मा कपाळावर सरकवून निरखला. बारीक तारांचा पीळ, टोकाला शिशाची गोळी.

"ही स्कूटरची क्लचवायर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे गॅरेजवाला?" मी विचारलं. खालच्या रस्त्याला गॅरेज एकच होतं आणि आत्याची स्कूटर तिथेच दुरुस्त व्हायची.

"संशय आहे. पण हाड मोडलंय असं संशयावर सांगायचं नसतं. आधी फोटो काढायचा."

तिने एक कॅमेरा त्या भगदाडासमोर बांधला. दोन दिवसांनी बघतो तर कॅमेरा गायब, झाडाला कापलेला पट्टा तेवढा उरलेला. मी हळहळले. आत्याने मात्र काकांना हाक मारून शिडी आणायला सांगितली. तिने दुसरा कॅमेरा शेजारच्या झाडावर, बारा फुटांवरच्या फांदीला, खाली तोंड करून बांधला होता. ते मलाही माहीत नव्हतं.

"माणूस समोर बघतो, पायाखाली बघतो. मान वर करायचा कंटाळा करतो," शिडीवरून ती म्हणाली.

फोटोत आधी एक टोपी दिसली, मग पक्कड. मग त्या माणसाने घाम पुसायला टोपी काढली. वेळ सकाळी सहा चाळीस. गॅरेजवालाच होता.

फोटो छापून घेऊन आम्ही दुपारी गॅरेजमध्ये गेलो. तो एका मोटरसायकलचं चाक काढत होता.

"या ताई. स्कूटर बिघडली का?"

"स्कूटर ठणठणीत आहे. माझा कॅमेरा न्यायला आले."

"कसला कॅमेरा?"

आत्याने फोटो बाकावर ठेवला. त्याने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "ओढ्याजवळ पडलेला सापडला होता," तो म्हणाला. "तुमचा आहे हे कुठे माहीत होतं?"

"पट्टा कापून पडला होता?"

त्याने मागच्या फळीवरून कॅमेरा काढून दिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "ताई, ससा-बिसा मिळतो म्हणून एखादा फास लावतो. सगळेच लावतात."

"नऊ वर्षांचा होतास तेव्हा तुझं मनगट मोडलं होतं. अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होतास. ती कोल्हीण तसलंच दुखणं घेऊन तीन पायांवर फिरतेय."

"तक्रार करणार का?"

"करणार. तुला सांगून करायची, म्हणून आधी इथे आले."

घरी येऊन तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पठ्ठ्याने कॅमेरा बंदच केला नव्हता! फळीवर बसून कॅमेऱ्याने गॅरेजमधलं सगळं टिपलं होतं. गिऱ्हाइकं, टायरवर झोपलेलं मांजर, गॅरेजवाल्याला डबा घेऊन आलेली त्याची बायको. आणि त्याच्यासोबत बसून जुन्या वायरींचे फास वळणारे दोघेजण. एका फोटोत एकाच्या खांद्यावर फासांची अख्खी जुडी होती.

आत्याने फासांचे फोटो वेगळे काढले आणि बाकीचे सगळे पुसून टाकले. "त्याची बायको काय नि गिऱ्हाइकं काय, त्यांचा याच्याशी संबंध नाही," ती म्हणाली.

आम्ही तक्रार घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या वनरक्षक बाईंनी फोटो बघितले आणि लगेच त्यांच्या साहेबांना फोन लावला. दोन दिवसांत ओढ्याच्या काठाने तेवीस फास निघाले. कोल्हिणीसाठी पिंजरा लावला, तर ती पहिल्याच पहाटे सापडली. अडचण पुढे आली. प्राण्यांच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन जुनं होतं आणि ते चालवणारा रजेवर. तार हाडापर्यंत गेलीय की नाही हे कळल्याशिवाय डॉक्टर पायाला हात लावायला तयार नव्हते.

"बाजूला व्हा," आत्या म्हणाली.

तिने शिशाचा एप्रन चढवला. भूल दिलेल्या कोल्हिणीचा पाय वाळूच्या पिशव्यांनी टेकवून सरळ केला, आम्हाला बाहेर घालवलं आणि एक समोरून, एक बाजूने असे दोन फोटो काढले. दोन्ही पहिल्याच फटक्यात स्वच्छ आले. तार मांसात खोल गेली होती, पण हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी तार कापून काढली. आत्या दाराबाहेर येऊन बाकावर बसली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

अकरा दिवसांनी कोल्हिणीला ओढ्यापाशी सोडलं. पिंजऱ्याचं दार उघडताच ती मागे वळूनही न बघता पळाली, चारही पायांवर.

गॅरेजवाल्यावर आणि त्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. तो आता आत्याशी बोलत नाही. ती स्कूटर दुसऱ्या गावच्या गॅरेजला नेते. "त्याचा हात चांगला होता," एकदा ती म्हणाली, "पण माझा नाइलाज होता."

हळूहळू आजूबाजूची माणसं तिच्याकडे यायला लागली. कोणाच्या कोंबड्या जातात, कोणाच्या विहिरीत कचरा पडतो. आत्या कॅमेरा लावायला शिकवते, पण एका अटीवर. कॅमेरा आपल्याच जमिनीकडे बघेल, शेजाऱ्याच्या दाराकडे नाही. ज्याला हे पटत नाही त्याला ती चहा पाजून परत पाठवते.

परवा वरच्या वस्तीवरून तिला निरोप आला. तिथे कोणीतरी उभी झाडं कापून नेतंय. सोमवारी सकाळी ती जागा बघायला जाणार आहे.