मरियेपुढचे तीन खजूर

ओसरीवर मांडलेल्या नाताळच्या गोठ्यात, मरियेच्या पायाशी, सकाळी तीन खजूर दिसले. ते शेजारच्या हमीदाबीचे, हे मी लगेच ओळखलं. असे काळे, मऊ खजूर आमच्या आळीत तिच्याच घरी असतात.

मला ते खटकलं. आमचा येशू देवाचा पुत्र. तिचा ईसा पैगंबर, कारण देवाला मूल कसं असेल, असं ती एकदा बोलून गेली होती. तेव्हापासून आम्ही दोघी तो विषय काढत नाही. मग आता माझ्या गोठ्यात हिचं काय काम? मी खजूर कावळ्यांना टाकले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशी मी पडद्याआड उभी राहिले आणि तिला पकडलंच.

"हमीदाबी, हे काय चाललंय?"

ती दचकली नाही. "आमच्यात मरियमला कळा आल्या तेव्हा ती एकटी होती. खजुराचं झाड हलवलं, खाली पडले ते खाल्ले. तुमच्या गोठ्यात झाड दिसलं नाही, म्हणून ठेवले."

"आमच्या मरियेजवळ योसेफ आहे."

"पुरुषमाणूस आहे ना सोबतीला? मग बरंय," म्हणत ती गेली.

हा टोमणा होता का, याचा संशय मला अजून आहे. मी गोठ्याकडे पाहिलं. योसेफ काठी धरून उभा होता. बाळाला भेटायला आलेल्या तिन्ही राजांच्या हातांत सोनं, धूप, गंधरस. एवढे सगळे जमले होते, आणि बाळंतिणीच्या पोटाचं कुणालाच सुचलं नव्हतं.