नागरिक नव्हे, व्यक्ती

कुणाच्या मरणाबद्दल कोणी हलकं बोललं, की मॅडम उठायच्या, व्हरांड्यातल्या नळावर जायच्या आणि खळखळून चूळ भरून यायच्या. बोललेला असायचा दुसराच. त्या म्हणायच्या, "ऐकलं तरी तोंड खराब होते." वर्गातली टवाळ पोरं त्यांना उठवायला मुद्दाम काहीतरी बोलत. शिपाई म्हणायचा, मॅडमच्या पायी नळाची तोटी दरवर्षी बदलावी लागते.

गोंदियाच्या एका लॉ कॉलेजात आम्ही बरोबर शिकवत होतो. मी सकाळी करार कायदा शिकवून कोर्टात पळायचो. त्या पूर्णवेळ, आणि त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय कायदा. सौंदडच्या बौद्ध घरातल्या, आईवडील दुसऱ्यांच्या बांधीत धान लावून जगलेले. वर्गात त्या पुस्तकी मराठीत सुरुवात करत आणि विषय तापला की झाडीबोलीवर येत.

एकदा एका पोराने विचारलं, "मैडम, ये इंटरनेशनल लॉ गोंदिया में किस काम का?"

मॅडमनी त्याला दुसऱ्या महायुद्धानंतरचा खटला सांगितला. असंख्य माणसं मारणारे, हरलेल्या देशाचे साहेबलोक न्यायाधीशांपुढे म्हणाले, आम्हाला वरून हुकूम होता, आमच्या देशाच्या कायद्यात ते बसत होतं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही.

"मंग देशाच्या कायद्याच्या वर काय हाय?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "मानसाचा जीव हाय. तो सरकारनं देल्ला नाही, मंग सरकार नेईल कसा?"

मग त्या आपल्या घटनेवर येत. जीविताच्या हक्काच्या कलमात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे, हे दरवर्षी साऱ्या वर्गाकडून वदवून घेत. कुठलीही व्यक्ती. चांगली असो, वाईट असो, आपली असो, नसो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दरेकशाच्या पुढे जंगलातल्या एका गावचा मजूर पोलिसांनी उचलला. बंदूकवाल्या नक्षल्यांना भात खाऊ घातला, हा संशय. बंदूकवाले दारात येऊन भात मागतात तेव्हा कोण नाही म्हणतं? थोड्याच दिवसांत त्याचं प्रेत घरी आलं. पळताना पडला, असं सांगितलं गेलं. त्याची बायको कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून राहिली. तिचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार होईना. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील पान चघळत म्हणाले, "जंगल का आदमी है, छोड़ो ना." आणि खिडकीतून थुंकले. मला तेव्हा मॅडमच्या त्या खोडीचा अर्थ पहिल्यांदा कळला.

मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी केस हाती घेतली; पण पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणून मॅडमनी सगळी तयारी केली आणि याचिका माझ्या नावाने उच्च न्यायालयात गेली. मजुराच्या बायकोला त्या स्वतःच्या घरी ठेवून घेत, तिच्याशी मोडक्यातोडक्या गोंडीत बोलत. शहरातले काही कार्यकर्ते मॅडमचे सत्कार ठरवू लागले. त्या सत्काराला जात नसत.

पुढच्या वर्षी बंदूकवाल्यांनी शेजारच्याच गावातला एक किराणा दुकानदार घरातून ओढून नेला आणि पोलिसांचा खबऱ्या म्हणून मारून रस्त्यावर टाकला. मॅडम त्याच्या घरी जायला निघाल्या. तेव्हा तेच कार्यकर्ते घरी आले. मी तिथेच होतो. आत्ता जाऊ नका, त्याने आपली केस कमजोर होईल, तो माणूसही काही धुतल्या तांदळाचा नव्हता, असं ते समजावत होते.

"आपली केस म्हंजे कोनाची?" मॅडम म्हणाल्या. "तुमाले मानूस मेल्याचं काहीच नाही. कोनी मारला त्याचंच हाय." आणि चहा न देता त्यांनी त्यांना वाटेला लावलं.

आम्ही गेलो. दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईच्या कानावर मॅडमचं नाव आधीच गेलेलं होतं. "तुमी त्याइच्याच ना, बंदूकवाल्याइच्या?" म्हणून तिने दार लावून घेतलं. मी परत चला म्हणालो. मॅडम अंगणात बाजेच्या कडेला बसून राहिल्या. ऊन कललं तेव्हा दार उघडलं.

"मी कोनाचीच नाही, माय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या पोराले मारायचा हक्क कोनालेच नव्हता. एवढं सांगाले आली."

म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली आणि रडू लागली. मग स्वतः उठून तिने पाण्याचा गडवा आणला.

त्यानंतर मॅडमना कोणीच विचारेना. कार्यकर्त्यांनी पाठ फिरवली. साध्या वेशातला एक पोलीस त्यांच्या घरासमोरच्या टपरीवर बसू लागला. कॉलेजने त्यांचा विषय काढून घेतला. स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं थांबायचं. या सगळ्याचा मला संताप यायचा. त्यांना फक्त शिसारी यायची, आणि शिसारी माणसाला आतून खाते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. त्या वाळत गेल्या. शेवटी यकृताचं दुखणं निघालं आणि त्या भावाकडे सौंदडला जाऊन राहिल्या.

याचिकेचा निकाल कित्येक वर्षांनी लागला. मजूर मारहाणीनेच मेला, असं न्यायालयाने म्हटलं आणि जबाबदार लोकांवर खटला भरायला सांगितलं. मी ते सांगायला सौंदडला गेलो. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आनि दुकानदाराच्या मायले काय सांगितलं कोनी?"

त्या प्रकरणात कोणी पकडलं गेलं नव्हतं. म्हातारीही वारली होती. मी ते सांगितलं. मॅडमनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "जा आता वकीलसाहेब, गाडी चुकन तुमची." ती आमची शेवटची भेट. पंधरवड्याने त्या गेल्या.

त्या भेटीवरून परतताना स्टेशनवर गाडीला उशीर होता. माझ्या शेजारी बाकावर दोन बरे कपडे घातलेले गृहस्थ आलुबोंडे खात होते. एकाचा फोन वाजला. फोन ठेवून तो म्हणाला, जंगलात गोळीबार झाला, एक जण मेला म्हणतात.

"आपला का त्याइचा?" दुसऱ्याने विचारलं.

"अजून समजलं नाही."

"मंग थांब," तो म्हणाला. "आधी समजू दे." आणि त्याने पुढचा आलुबोंडा चटणीत बुडवला.