लाल पेनड्राइव्हमधली हिरूबाय

कुंभिवलीला हायवेच्या कडेला मोहियुद्दीन धनसेचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस सरळ, पण डोक्यात सिनेमाचा किडा. लग्नाचं शूटिंग करायला गेला, तर नवरदेवाला म्हणायचा, "पुन्हा एकदा उतर रं घोड्यावरनं, मजा नाय आली." अशा माणसाला कोण सांगणार?

शेवटी काढलाच त्यानं सिनेमा. नाव, 'पाव्हण्याचा बोकड'. जावयाच्या जेवणासाठी बांधलेला बोकड सुटतो आणि अख्खं गाव त्याच्यामागं पळतं, एवढीच गोष्ट. जावई झाला साजगावचा आबाजी. कारखान्यात कामाला, आणि मोहियुद्दीनचा शाळेपासूनचा जोडीदार. मोहियुद्दीनची अम्मी तो लहान असतानाच गेली. शाळा सुटली की पोरगा आबाजीच्या ओट्यावर. आबाजीची आय, हिरूबाय, चुलीपुढनं विचारायची, "मोयदीन, जेवलास काय रं?" उत्तर येण्याआधी ताट पुढं.

सिनेमा झाला, आता विकायचा कसा? बायको आयशा म्हणाली, "यूट्यूबवर टाका की."

"तिथं लोक अंगठ्यानं ढकलून देतात गं. घरच्यांनी एकत्र बसून बघायचा हाय माझा."

त्याचं म्हणणं असं, सीडी मेली, डीव्हीडी मेली, पण प्रत्येक टीव्हीच्या पाठीत पेनड्राइव्हची खाच आहे आणि ती रिकामीच असते. म्हणून त्यानं हिरवे पेनड्राइव्ह आणले. प्रत्येकाला छोटी डबी, डबीवर बोकडाचा फोटो. कार्तिकात साजगावच्या यात्रेत पाल टाकून विकायचे. खपले तर दुसरा सिनेमा, नाहीतर जन्मभर लोकांच्या फुटक्या काचा बदलत बसायचं. वर्षभर लग्नाच्या ऑर्डरी सोडल्या होत्या त्यानं यापायी.

आता त्या एका सीनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथनं सुरू झालं. सासू झालेली हिरूबाय भाकरी थापतेय आणि जावई विचारतो, "मामी, बोकड कुठं हाय?" तिनं म्हणायचं, "मला काय ठावं?" बस्स, तीन शब्द. पण म्हातारी वळली ती थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मोयदीन, जेवलास काय रं? सकाळधरनं उभा हायस."

सगळे खो खो हसले. उद्या पुन्हा घेऊ, असं म्हणत राहूनच गेलं, आणि श्रावणात म्हातारी गेली.

सिनेमा जोडायला बसल्यावर मोहियुद्दीननं तो तुकडा काढला. काढावाच लागला. भर सिनेमात एक बाई सिनेमा काढणाऱ्याला जेवणाचं विचारते, हे कुठं चालतं का? डिस्क भरली म्हणून मूळ शूटिंगही पुसलं. पण त्याआधी त्यानं अख्ख्या सिनेमाची एक प्रत वेगळी केली, हिरूबायसकट. लाल पेनड्राइव्हमध्ये. हिरूबायच्या तेराव्याला तो आबाजीच्या हातात ठेवला. "ह्यात आय हाय. घरातच ठेव. बाहेर जाऊ दिऊ नको, माझा सगळा खेळ ह्याच्यावर हाय."

आबाजी ढसाढसा रडला. म्हणाला, "आयची शपथ, मोयद्या."

यात्रेत मोहियुद्दीनचं पाल लागलं ते सुक्या बोंबलांच्या राशीशेजारी. साजगावच्या यात्रेला बोंबील न घेता कोणी परतत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला तोटा नाही. लोक थांबत, डबीवरचा बोकड बघत, हसत आणि म्हणत, "ह्यो? ह्यो तर आमी बघितला." सकाळभर तेच. दोन-चार डब्या खपल्या, त्याही पुण्याकडच्या पाव्हण्यांनी नेल्या.

त्याला वाटलं, दुकानातनं कोणीतरी कॉपी मारली. चालायचंच. एके काळी त्याच्याच दुकानात लोकांच्या मेमरी कार्डात परक्यांचे सिनेमे भरून मिळायचे, तेव्हा कुठल्या तोंडानं बोलणार? पण एक गोष्ट त्याला कळेना. येणारा-जाणारा त्याला ओळखून ओरडत होता, "मोयदीन, जेवलास काय रं?" आणि हसत पुढं जात होता.

दुपारी तो चहाला गेला. चहावाल्यानं फळीवर टीव्ही लावला होता. पडद्यावर चूल, चुलीपुढं हिरूबाय. ती वळली, त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं.

चहाचा ग्लास तसाच राहिला हो! जगात ही बाई एकाच पेनड्राइव्हमध्ये होती. पोलीस नकोत, पंचनामा नको. आबाजीनंच केसानं गळा कापला होता, आणि ज्या माउलीची शपथ खाल्ली तिच्यासकट सिनेमा बाजारात फिरवला होता.

तो तडक आबाजीच्या घरी गेला. आबाजी ओट्यावरच बसला होता. त्याला बघून उठला नाही.

"कुणाला दिलास?"

"बहिणीला दिला. मग मामाला. मग ज्यानं मागितला त्याला दिला."

"आयची शपथ खाल्ली होतीस रं तू! माझं वर्ष गेलं त्यात. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी थुंकून मोकळा झालो असतो. तू?"

आबाजी खाली बघत म्हणाला, "तुझ्या शिनेमात सगळं गाव हाय. कोंबड्या बी हायत. माझी आय तेवढी नाय. कापताना मला इचारलंस काय?"

"अरे, ती कॅमेऱ्यात बघत होती!"

"कॅमेऱ्यात कुठं? तुझ्याकडं बघत होती."

मोहियुद्दीनचा राग तर होताच, तो कुठं जातोय? पण त्या रागाला आता धड उभं राहायला जागा उरली नव्हती. पाणीही न पिता तो त्या ओट्यावरनं उतरला. जन्मात पहिल्यांदाच.

पालावर आला तर एक बाई हिरवी डबी घेऊन वाट बघत उभी. कुठल्याशा पाव्हण्यानं तिला भेट दिली होती. "भाऊ, ह्यो नकली हाय. ह्यात ती म्हातारी नाय." आणि तिनं पिशवीतनं दुसरा पेनड्राइव्ह काढला, काळा, कुणाकुणाच्या हातनं फिरून आलेला. "ह्यो बघ, ह्यो अस्सल."

त्यानं तो लॅपटॉपला लावला. हिरूबाय होती त्यात, पिठाच्या हातांसकट. आता चोराच्या मालावरनं हा तुकडा उचलायचा, आपल्या डब्यांत भरायचा आणि ओरडून विकायचा. घडीभराचं काम. त्याचं बोट बटणावर आलं.

"मोयदीन, जेवलास काय रं? सकाळधरनं उभा हायस."

खरंच सकाळपासून तो उभा होता, आणि पोटात काही नव्हतं.

त्यानं पेनड्राइव्ह काढून बाईच्या हातात दिला. "बाय, तुझाच अस्सल हाय. माझ्यात ती नाय." हिरवी डबी त्यानं परत घेतली, बाकीच्या डब्या खोक्यात भरल्या आणि पाल सोडायला घेतलं.

आबाजीशी तो आजही बोलत नाही. साजगावात गेला की पोरं त्याला हाक मारून तेच विचारतात. तो हसत नाही, चिडतही नाही. "नाय," एवढंच म्हणतो आणि पुढं जातो.