मालनचा उजवा हात

माझी धाकटी जाऊ मालन चारचौघांत हात वर करून बसायची. ऑपरेशन झालेला हात उशांच्या चळतीवर आणि बोटांची सारखी उघडझाप. भेटायला आलेल्या पाहुण्यांशी बोलतानाही बोटं चालूच. सासूबाई म्हणायच्या, "अगं, बरं दिसतं का हे?" त्यावर ती म्हणायची, "आवं आत्या, डाक्टरनीच सांगितलंय. सूज चढली की बोटं आकडत्यात."

कुपवाडच्या रस्त्यावर खडीवरून तिची स्कूटी घसरली, तेव्हा मागं मी बसले होते. दोघींचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टर एकच, दिवस एकच, आत बसवलेली प्लेटही सारखीच. मग पाडणारीचा हात आधी बरा का व्हावा? हे मला खुपायचं, अजूनही खुपतं.

मी हात झोळीत घालून जपला. दुखणं सोसता येतं याचा मला भारी अभिमान, म्हणून गोळ्याही टाळल्या. मालन वेळेवर गोळी घ्यायची आणि दुखणं जरा उतरलं, की डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करताना "आय आय गं" करून घर डोक्यावर घ्यायची. नाटकी मेली, मी मनात म्हणायचे.

"अक्का, दुखतंय म्हंजे मोडतंय असं न्हाई. लय जपलं तर हाताचं लाकूड हुईल."

"तू मला शिकवू नकोस."

पुढं ती भाकरी थापायला लागली. तो थपथप आवाज ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. सासूबाई सगळ्यांना तिच्या भाकरीचं कौतुक सांगायच्या. मला मात्र ब्लाउजची हुकंसुद्धा लावता येईनात. तीही मालनच लावून द्यायची, एक शब्द न बोलता. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. पण भीतीनं हात बंद ठेवलात, म्हणून दुखणं मुरायला लागलंय. अजून वेळ गेलेली नाही, पण आता टाळलंत तर जन्माचं मागं लागेल." तेव्हापासून मालन रोज संध्याकाळी माझ्यासमोर ठाण मांडून बसायची. "वाकवा. अजून. रडा की, कोण न्हाई म्हणतंय? पर वाकवा." मला तिचा राग यायचा आणि मी वाकवायचे.

अशात दिरांनी तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. ते विट्यातल्या ओळखीनं दूर तमिळ मुलखात सोनं गाळायच्या दुकानात आहेत. स्टँडवर तिनं जड पिशवी उजव्या हातानंच उचलून वर ठेवली. मी डोळे भरून जळले. गाडी सुरू झाली, मी डावा हात हलवला.

खिडकीतून तिचा आवाज आला, "आवं अक्का, डावा कशाला? उजवा हलवा की!"

सगळा स्टँड माझ्याकडं बघायला लागला. मी चिडून उजवा हात वर केला. मनगटातून कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. ती हसत होती. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी मी रागारागानं हात हलवत उभीच होते. घरी जाऊन हा व्यायाम आता कुणावर चिडून करायचा, ते मला समजत नव्हतं.